सासऱ्यांचं मशीन

माझ्या सासऱ्यांइतका विचारी माणूस नागपुरात दुसरा झाला नाही, आणि कुणाच्या विचारीपणामुळे एवढा त्रास सोसलेलं कुटुंबही दुसरं झालं नसेल. विचार करणं हेच त्यांचं मुख्य काम होतं. धंतोलीतलं कोल्ड्रिंकचं दुकान ते उरलेल्या वेळात चालवत. छत्री घ्यायची म्हटली की उन्हाळ्यात विचार सुरू होई आणि दिवाळीच्या सुमारास छत्री घरी येई. टरबूज घ्यायला गेले तर आधी स्वतः टिचकी मारून कान लावत, मग शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाला टिचकी मारायला लावत, आणि शेवटी टरबूजवाल्यालाच विचारत, "तुमच्या घरी न्यायचं असतं तं कोणतं नेलं असतं?" तो ज्याच्याकडे बोट दाखवी ते सोडून ते दुसरं घेत आणि ते हमखास पांढरं निघे. माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम एका संध्याकाळी उरकला, पण मुलगा पाहण्याचा वर्षभर चालला. ते आमच्या कचेरीत येऊन बसत, चहा घेत, मी फाईल कशी उचलतो ते बघत आणि "पाहू" म्हणून निघून जात. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ते मांडवाच्या कोपऱ्यात आमच्या हेडक्लार्कला गाठून माझ्या स्वभावाची चौकशी करत होते. अक्षता पडल्या म्हणून विषय संपला, नाहीतर आजही चालू असता.

तसा त्यांचा दोष नाही, दोष जागेचा. धंतोलीत दर दुसऱ्या घरावर डॉक्टरची पाटी. त्यांच्या दुकानासमोरच, रस्ता ओलांडला की, एका सर्जनचा दवाखाना होता. वणी, आर्वी, गोंदियाकडून पेशंट यायचे आणि त्यांचे नातेवाईक आमच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून राहायचे. माणूस आत ऑपरेशन टेबलावर असताना बाहेर बसलेल्याला कोल्ड्रिंक गोड लागत नाही, पण काहीतरी हातात हवं म्हणून घेतो. वर्षानुवर्षं या लोकांचं ऐकून सासऱ्यांचा एक सिद्धांत तयार झाला होता: डॉक्टर पहिला असो की दुसरा, आणखी एकाला विचारावं, आणि तिघांचं एकमत झालं तर जास्तच सावध व्हावं. हा सल्ला ते बाटलीबरोबर फुकट देत. समोरचे सर्जन रोज त्यांच्याकडेच लिंबू सोडा प्यायला येत, सासरे त्यांच्यादेखतही तो देत. डॉक्टर भला माणूस, हसून सोडा संपवी.

अशा माणसाने एक दिवस, कुणालाही न विचारता, उभ्या उभ्या व्हिडिओ गेमचं मशीन विकत घेतलं. एका प्रदर्शनवाल्याचा मुक्काम हलत होता, त्याच्या तंबूत ते कपाटाएवढं मशीन पडून होतं. सासरे बघायला गेले आणि हातगाडीवर घालून घेऊनच आले. माझी बायको ही बातमी सांगायला प्रताप नगरच्या आमच्या घरून रिक्षाने थेट माझ्या कचेरीत आली. घरात कुणी गेलं असं वाटून मी फाईल तशीच टाकून उठलो. संध्याकाळी आम्ही दोघं गेलो तर मशीन दुकानाच्या कोपऱ्यात लुकलुकत होतं आणि सासरे आपल्याच दुकानात पाहुण्यासारखे उभे होते. मी कारण विचारलं. म्हणाले, "बाकावरचे लोक समोरच्या दारातच पाहत राहते जी. म्हटलं, त्यायले दुसरं काही पाहाले तं देऊ."

खेळ साधा होता. वरून किड्यांच्या रांगा खाली यायच्या आणि खाली एक छोटं विमान होतं, त्यातून गोळ्या झाडून किडे मारायचे. शहरातल्या पोरांना ते अंतराळ वगैरे वाटायचं. पण बाकावरची मंडळी कापूसवाली. पहिल्याच दिवशी आर्वीकडच्या एका म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि "अळी आहे ना बाप्पा ही!" म्हणून दांडा हातात घेतला. त्याची सून आत बाळंतपणाला अडली होती. तो तासभर फवारणी करत होता, आणि नातू झाल्याचं सांगायला नर्स आली तेव्हा त्याने तिला हातानेच थांब म्हटलं. त्या दिवसापासून त्या खेळाला धंतोलीत फवारणी हेच नाव पडलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की सासरे स्वतः फवारायला उभे राहत. त्यात मात्र ते विचार करत नसत. धडाधड बटण दाबत आणि हरत. सासूबाई वरच्या घरातून चहा घेऊन आल्या की थोडा वेळ तिथेच उभ्या राहत आणि उजवीकडून येणारी अळी दाखवत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या दोघांना एकत्र करायला एक काम मिळालं होतं, आणि मला ते बघायला फार आवडायचं.

पुढे दोन गोष्टी एकाच उन्हाळ्यात बिघडल्या. मशीनचं चित्र गेलं आणि सासूबाईंचं पोट दुखायला लागलं.

मशीनचा आवाज शाबूत होता. काळ्या काचेमागे अळ्या येत, गोळ्या सुटत, सगळं ऐकू येई, दिसत काही नसे. सासूबाईंचं उलट होतं. त्यांना काय होतंय ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसे, पण तोंडातून आवाज निघत नसे. समोरच्या सर्जननी तपासलं, फोटो काढला आणि पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करून काढून टाकू, असं सांगितलं. सासरे म्हणाले, पाहू. मग दुसरे डॉक्टर झाले, तिसरे झाले, तिघांचं एकमत झालं आणि व्हायचं तेच झालं. होमिओपॅथीच्या गोळ्या आल्या, बुटीबोरीकडच्या कुणा वैदूचा काढा आला. सासूबाई सगळं निमूट घेत. कळ आली की भिंतीला टेकून बसत आणि गेली की पोळ्या लाटायला उठत.

माझी बायको चिडायची ती माझ्यावर. "तुम्ही काही बोलत काहून नाही बाबांना?" आता जावयाला दहावा ग्रह म्हणतात खरं, पण आमच्या सासुरवाडीत उरलेले नऊच्या नऊ सासऱ्यांकडे होते. मला पाट मिळायचा, वाटीभर जास्तीचं तूप मिळायचं, "जावईबापू, तुमचं काय मत?" हेही दर वेळी विचारलं जायचं. मी ऑपरेशन करा म्हटलं की ते फार आदराने मान हलवत आणि दुसरीकडे चौकशीला जात.

एकदा सासूबाईच वैतागून बोलल्या, "आधी त्या मशीनचं काय ते ठरवा, मग माझं पाहा." बोलणं टोमण्याचं होतं. सासऱ्यांनी मात्र ते मनावर घेतलं. त्यांना तो क्रम फार पटला. आधी मशीन, मग ऑपरेशन. घ्या! आता बाईच्या पोटातले खडे बाहेर पडायचे तर आधी व्हिडिओ गेमला मेकॅनिक लावावा लागणार होता. मी डोक्याला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी बर्डीच्या बाजारात मेकॅनिक शोधायला निघालो.

मला मिळाला तो रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणारा, चाळिशीचा, घाईतला माणूस. त्याने मशीनला कान लावला, काचेवर टॉर्च मारला आणि म्हणाला, "खोलून पाहावं लागेल." सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला बसवलं, थंड पाजलं आणि उलटतपासणी सुरू केली. गाव कोणतं, शिकला कुणाच्या हाताखाली, पितो का, आतापर्यंत मशीनं खोलली किती आणि खोलल्यावर परत चालली किती. न खोलता काही होत नाही का. बाहेरून काही लावता येत नाही का. मेकॅनिकने सांगितलं, असलं मशीन तो पहिल्यांदाच बघतोय, पण टीव्हीसारखंच असणार. हे त्याने खरं सांगितलं म्हणून सासऱ्यांना तो आवडला आणि खरं सांगितलं म्हणूनच त्यांनी त्याला परत पाठवला. नंतर तो आणखी काही वेळा आला, थंड पिऊन गेला. दरम्यान सासरे मशीनबद्दल समोरच्या सर्जनना विचारत होते आणि सासूबाईंच्या पोटाबद्दल मेकॅनिकला. सर्जननी थट्टेत सांगितलं, ऑब्झर्वेशनखाली ठेवा. झालं! मशीनला आठवडाभर कुणी हात लावायचा नाही, असं फर्मान निघालं.

आणि त्याच आठवड्यात सासूबाईंना मोठी कळ आली. दुपारची वेळ, त्या जिन्यातच बसल्या, अंग पिवळं पडलेलं. सर्जन रस्ता ओलांडून धावत आले, इंजेक्शन दिलं आणि पहिल्यांदाच सासऱ्यांवर आवाज चढवला: आता पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही, उद्यापर्यंत हो की नाही ते सांगा. संध्याकाळी सासरे मला एवढंच म्हणाले, "उद्या त्या मेकॅनिकले घेऊन या."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मेकॅनिक पेचकस घेऊन आला. सासऱ्यांनी त्याला साबणाने हात धुवायला लावले. मागची फळी निघाली तसे ते दुकानातून बाहेर पडले आणि बाकावर, नातेवाइकांच्या जागी, जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्या बाकावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी शेजारी टेकलो. ते समोर पाहतच म्हणाले, "माह्या मायचं पोट असंच दुखे. म्या सरकारी दवाखान्यात नेलं. बाप शेतावर होता. डॉक्टरनं विचारलं, ऑपरेशन करू का? म्या पटकन हो म्हटलं, जावईबापू. कोणालेच नाही विचारलं." मग बाकाची फळी चाचपत म्हणाले, "परत नाही आली ती."

इतकी वर्षं मी या माणसाची घरी नक्कल करून बायकोला हसवत होतो. तेवढ्यात आतून फट् असा आवाज झाला आणि जळका वास आला. आम्ही धावलो. मेकॅनिक घामाने भिजला होता. "काका, बोर्डच गेला. याचं आता काही होत नाही." आता आवाजही बंद होता. सासरे मशीनकडे पाहत राहिले. आवाज ऐकून वरून आलेल्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच आलं: संपलं. पटकन घेतलेलं मशीन, खोललं आणि गेलं. आता हा माणूस जन्मात ऑपरेशनला हो म्हणत नाही.

जिन्यात पावलं वाजली. सासूबाई नेसत्या लुगड्याला पिन लावून, हातात कापडी पिशवी घेऊन खाली आल्या. पिशवीत टॉवेल आणि तांब्या होता. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मेकॅनिकला चहा घेऊन जा म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "झालं ना त्याचं? चला आता." आणि त्या निघाल्यासुद्धा. पुढे त्या, मागे सासरे, त्यांच्यामागे आम्ही, अशी वरात रस्ता ओलांडून गेली.

सर्जननी विचारलं, काय ठरलं? सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या. मग ते म्हणाले, "हो. करा." आवाज इतका बारीक होता की डॉक्टरना पुन्हा विचारावं लागलं, आणि त्यांनी पुन्हा हो म्हटलं.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. आमच्याकडे सासरा जावयाचा हात धरतो तो लग्नात, तेवढाच. सासूबाई शुद्धीवर आल्यावर ते आत गेले आणि म्हणाले, "मशीन गेलं वं." त्या म्हणाल्या, "जाऊ द्या." मग ते खाटेच्या दांडीवर डोकं टेकून रडले. खडे त्यांनी बाटलीत घालून दुकानात ठेवले आणि पुढे बाकावरच्या लोकांना सल्ल्याऐवजी तेच दाखवू लागले. मशीनचा सांगाडा भंगारात द्यावा की नाही हा विचार मात्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाला नाही.

ते गेल्यावर सासूबाई आमच्याकडे प्रताप नगरला राहायला आल्या. परवा दुपारी त्या मेथी निवडत होत्या आणि मी सहज म्हटलं, त्या दिवशी तुम्ही धीराने निघालात म्हणून, नाहीतर बाबांनी काही हो म्हटलं नसतं. त्या हसल्या.

"मी कायची धीराची जी? मले वाटलं, रस्त्यात तरी हे थांबवतील. पाहू दोन दिवस, म्हणतील. सारा जन्म तेच म्हटलं त्यांनी. अन् नेमकं त्याच दिवशी हो म्हणाले."

"मग तुम्हाला थांबायचं होतं, हे नंतर तरी त्यांना सांगायचं."

"काहून सांगू?" त्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या एका बाजूला करत राहिल्या. "एक हो तरी बरोबर निघाला ना त्यांचा."