कादंबरीतल्या लग्नाची धवलारीण

शेणवे गावच्या पारूआजीने आयुष्यात एकच कादंबरी ऐकली. पण तिच्याइतका त्या कादंबरीचा आनंद लिहिणाऱ्याच्या सख्ख्या सासूनेही घेतला नसेल. पारूआजी धवलारीण. म्हणजे मंत्रांऐवजी धवले, लग्नाची जुनी गाणी, म्हणून लग्न लावणारी बाई. आसपासच्या पाड्यांतले निम्मे संसार तिच्या गळ्यातून निघालेत. जे बिघडले, त्यांचा दोष ती नवऱ्याच्या मामाला देते.

कादंबरी आणली नातीने, कुणालीने. ती वाशिंदला कंपनीत पॅकिंगला जायची, तिथल्या मैत्रिणीकडून. संध्याकाळी भाकऱ्या उरकल्या की ओट्यावर बसून आजीला वाचून दाखवायची. गोष्ट एका इमारतीत वरखाली राहणाऱ्या मुलामुलीची. तिच्या कुंडीतलं पाणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पडतं आणि पुढे पुस्तकभर नुसती भांडणं. हसता हसता आजीच्या तोंडातलं पान बाहेर यायचं. तरी धंद्याची नजर सुटत नव्हती. मुलीचा मामा कुठाय? सुपारी फुटायच्या आधी ही त्याच्या गाडीवर बसलीच कशी? एकदा नायिकेने नायकाला बजावलं, की पुन्हा तोंड दाखवू नकोस. आजी समाधानाने म्हणाली, "आता लागतंय बघ हिचं लगीन."

त्याच सुमाराला कुणालीचं ठरलं. मुलगा मुरबाडचा. आजीला आता जगाकडून एवढंच हवं होतं, की नातीचं लग्न आपण लावावं. पण रीत अशी, की धवलारीण घरचीच असली तरी तिला बोलावणं करावं लागतं. न बोलावता तिने तोंड उघडायचं नाही. आजी गप्प राहून वाट पाहू लागली. तिचा मुलगा लडकू, कुणालीचा बाप, रोज तिच्यासमोरून जाऊन कुणाकुणाला बोलावून येई. मंडपवाला झाला, डीजे झाला, घोडासुद्धा झाला. आईचं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं: तिला दम लागतो, उगाच त्रास नको, हौस असती तर बोलली असती. इतका मायाळू मुलगा पंचक्रोशीत सापडणार नाही. एका शब्दाचं काम होतं. घरात शब्दांना तोटा नव्हता, पण ते सगळे जेवणात गुलाबजाम की जिलबी यावर खर्च होत होते.

लग्न हॉलमध्ये लागलं. नवं लुगडं नेसवून आजीला पहिल्या रांगेत बसवलं, थेट स्पीकरच्या तोंडाशी. भटजींच्या मंगलाष्टकांत मध्येच माइकवर कुणाची तरी पांढरी गाडी काढायची सूचना आली. आजीचे ओठ मिटलेलेच होते. निघताना कुणाली तिच्या गळ्यात पडली.

"आजी, का नाय गो म्हटलंस? मी वाट बघत व्हते."

"मला कोनी बोलवलं नाय," आजी म्हणाली.

शेजारी लडकू उभा होता. त्याने ऐकलं आणि खुर्च्या मोजायला निघून गेला.

कुणाली गेली, पुस्तक राहिलं. शेवटचं प्रकरण उरलं होतं. लडकूने स्वतःहून ते हातात घेतलं. नायकाची प्रेमाची कबुली त्याने तलाठ्याची नोटीस वाचावी तशी वाचली. आजी एकदाही हसली नाही. शेवटी एका ओळीत दोघांचं लग्न होऊन गेलं.

"कोनी लावलं?" आजीने विचारलं.

लडकूने पान उलटून पाहिलं. "लिवलं नाय."

त्याने पुस्तक आईसमोर ठेवलं. मग म्हणाला, "आये, तू लाव."

आजी सावरून बसली, पदर डोक्यावर घेतला आणि तिने पहिली ओळ म्हटली. आवाज अजून खणखणीत होता. पण धवला एकटीने म्हणायचा नसतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची, तेव्हा कुठे पुढची निघते. आजीची ओळ झेलणारी जोडीदारीण गोजर दोन वर्षांपूर्वी वारली. तिच्यामागे ओळ झेलायला शिकली होती ती फक्त कुणाली.

लडकूने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला ओळ येत नव्हती.

आजीने तीच ओळ पुन्हा एकदा टाकली, आणि थांबली.