गुडघा बदलण्याआधी एक लाट

रिक्षा सुरूच्या बनातून बाहेर आली आणि समोर समुद्र नव्हताच, नदी होती. रुंद, मातकट, आळशी. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भिया, समुद्र कुठाय?" त्याने नुसतं बोट दाखवलं. नदी संपत होती तिथे पाण्याखाली वाळूचा पट्टा आडवा पडला होता आणि त्यावर एक पांढरी रेघ उठत होती, विरत होती, परत उठत होती. या लाटेसाठी मी इंदूरहून आलो होतो.

गावाचं नाव सांगणार नाही. सिंधुदुर्गात आहे, एवढं पुरे. फळी घेऊन लाटांवर जाणारी मंडळी आपली जागा फार जपतात, मला तर दम देऊनच सोडलंय.

इंदूरला सांवेर रोडवर आमचा पंपांचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे. सगळं आयुष्य पाणी उपसायच्या यंत्रांत गेलं, पण स्वतः पाण्यात शिरलो तो फक्त नर्मदेत. एकदा मोबाइलवर एक बाई या लाटेवर उभी राहून जाताना दिसली आणि डोक्यात किडा शिरला. 'पुढच्या साली जाऊ' करत वर्षं गेली. मग पलासियाच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, "गुडघा बदलावा लागेल. त्यानंतर उकिडवं बसणं, उड्या, सब बंद." घरी येऊन मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, म्हटलं की ऑपरेशनआधी मला एकदा त्या लाटेवर उभं राहायचंय. ती पोहे परतत होती. म्हणाली, "जाऊन या एकदाचे. नाहीतर जन्मभर माझं डोकं खाल."

मोबाइलमधली ती बाई म्हणजे रेश्मा. तीच शिकवते आणि तिच्याच घरी राहायची सोय. तिने माझ्याकडे, मग माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

"इंदूराक समुद्र असा?" (इंदूरला समुद्र आहे का?)

"तेवढा नाही. बाकी सब कुछ आहे."

पहिला धडा कोरड्या वाळूवर. फळीवर पालथं पडायचं, हातांनी वल्हवायचं, मग दोन्ही तळवे दाबून एका दमात पायांवर यायचं. माझं उठणं तीन हप्त्यांत व्हायचं. आधी हात, मग डावा पाय, मग देवाचं नाव. उजवा गुडघा दुमडला की आतून कळ यायची. "लाट थांबाची नाय तुमच्यासाठी," रेश्मा म्हणाली.

लाट तर नव्हतीच. भांगाचे दिवस होते (म्हणजे भरतीला जोर नसतो ते). समुद्र झोपलेला. मी खायचो आणि बघत बसायचो. रेश्माच्या आईने बांगड्याचं तिखलं (दाट, आंबट-तिखट कालवण) वाढलं, तेव्हा मी पिशवीतून शेव काढून त्यावर भुरभुरवली. काकींनी कपाळाला हात लावला. "अरे देवा, माशार शेव?" मी त्यांनाही दिली. त्यांनी चाखली आणि वाटी पुढे केली. संध्याकाळी मात्र करमायचं नाही. नदीच्या तोंडाशी बसून मी त्या सपाट पाण्याकडे बघायचो. आयुष्यात इतकी ओढ मला कशाचीच लागली नव्हती, लग्नाआधी सुनंदाचीसुद्धा नाही. तिला हे सांगू नका.

शेवटच्या सकाळी लाट आली. आवाजानेच जागा झालो. रेश्मा अंगणात तिच्या फळीला मेण घासत होती. म्हणाली, "माझ्यासाठी थांबा." मी कसला थांबतोय.

नर्मदेत डुंबलेल्या माणसाला लहानपणापासून एकच शिकवण असते, जिथे पाणी शांत तिथे उतर. डावीकडे लाटा फुटत होत्या. उजवीकडे गुळगुळीत, बिनलाटेची पट्टी होती. मी फळीची दोरी पायाला बांधली, 'नर्मदे हर' म्हटलं आणि त्या पट्टीत शिरलो. थोड्याच वेळात माड लहान दिसायला लागले. मागे वळून जीव खाऊन वल्हवलं, पण किनारा लांबच जात होता. सुनंदाला आता कोण सांगणार, हेच डोक्यात.

रेश्मा फळीवर पालथी पडून सपासप आली. "उलट्या वल्हवू नकात. आडवे येवा. शांत दिसता थंयच नदी भायर पडता." (प्रवाहाविरुद्ध नको, आडवे या. शांत दिसतं तिथूनच नदी बाहेर पडते.) मग मला बाजूला घेतल्यावर हसली. "आमी ह्याच वाटेन लाटांच्या पाठी जातंव. तुमी न शिकताच इलास."

मी लाटांच्या मागे होतो. इथून लाटांच्या पाठी दिसत होत्या, त्यांच्या पलीकडे माड आणि गाव. मला तिथून हलूच नये असं वाटलं.

"ही तुमची," रेश्मा म्हणाली आणि फळी ढकलली. लाटेने उचललं. तळवे दाबले, डावा पाय आला. उजवा गुडघा आलाच नाही. तोंडभर वाळू खाऊन वर आलो. परत गेलो. परत तेच. भरती चढून लाट मऊ पडेपर्यंत तेच. शेवटच्या खेपेला मी उठायचा प्रयत्नच केला नाही. पालथा, मान वर करून, लाट नेईल तसा गेलो. वाळूवर टेकलो तेव्हा रडत होतो.

"उभं राहायचं होतं गं."

"ह्या गुडघ्यान जमाचा नाय," ती म्हणाली आणि माझी फळी उचलून घेतली.

परतताना बस मानपुरला चहाला थांबली. शेजारच्या माणसाने विचारलं, "कहाँ से आ रहे हो, भिया?" मी म्हटलं, "समुद्रावरून." त्याने मान हलवली, जणू समुद्र इंदूरशेजारच्या महूच्या पुढेच असावा. घरी सुनंदाने दारातच विचारलं, "राहिलात उभे?" मी नाही म्हटलं. तिने पिशवी घेतली आणि चहा टाकला.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी वॉकर घेऊन आली. "काकाजी, डरो मत. खड़े हो जाओ." मी उठलो. नवा गुडघा सरळ झाला, जराही कुरकुरला नाही. मुलीने टाळ्या वाजवल्या. सुनंदाने पदर डोळ्यांना लावला. "बघा, राहिलात की उभे," ती म्हणाली.

पायाखाली दवाखान्याची फरशी होती. पांढरी, कोरडी, जागच्या जागी. मुलगी म्हणाली, "अब चलो." मी जरा वेळ तसाच उभा राहिलो, फरशी हलेल म्हणून वाट बघत.