खेळाला जाता का?

माझ्या संशोधनाचा विषय होता ग्रामीण स्त्रिया आणि खेळ. प्रश्नावलीत मी आधी 'क्रीडा' असा भारदस्त शब्द घातला होता. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, खेड्यात तो कोणाला कळायचा नाही, साधं 'खेळ' लिहा. सरांचं ऐकायची मला वाईट खोड होती.

पूर्व विदर्भातली मूल-आरमोरीकडची गावं सायकलने पालथी घातली. घरातल्या बायका खेळाला जातात का? जिथे तिथे उत्तर एकच, जातात. कधी? धान निघाल्यावर, रात्री. किती वेळ? उजाडेपर्यंत. आरमोरीजवळची एक बाई तर म्हणाली, लेकरू मांडीवर घेऊन बसते. मी हरखलोच. निबंधात 'मातृत्व आणि क्रीडा' असा वेगळा भागच केला.

चंद्रपूरला संशोधक विद्यार्थ्यांचं चर्चासत्र होतं. माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती आणि निबंध बरा झाला तरच मुदतवाढीच्या अर्जावर सही करीन, असं सरांनी बजावलं होतं. माझ्या आधीचा वक्ता बोलत असताना शेजारी बसलेल्या आरमोरीच्या संशोधक मुलीने माझी पानं चाळली आणि हळूच म्हणाली,

"भाऊ, हे तं नाटकाचं होय ना जी?"

आमच्या झाडीपट्टीत थंडीत गावोगावी नाटकं लागतात, पहाटेपर्यंत चालतात, आणि नाटकाचाही खेळच असतो. हे मला कोणी सांगायला नको होतं. मी मूलचाच. आईच्या मांडीवर घोरत मी स्वतः किती खेळ घालवले असतील. पण चार पुस्तकं वाचली आणि मांडी विसरलो.

तेवढ्यात नाव पुकारलं. दुसरं काही लिहून आणलं नव्हतं, म्हणून होतं तेच वाचलं. बाहेरगावचे अध्यक्ष मान डोलवत होते. मागच्या रांगेतली आपली माणसं तोंडात रुमाल कोंबत होती. संपल्यावर अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं, एका संघात साधारण किती जणी असतात?

मी सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे पाहत होते.

"त्या खेळत नाहीत, सर," मी म्हणालो. "बघतात. नाटक."

सरांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, आधी पुन्हा गावांना जाऊन या, मग बघू.

सायकल काढली. पहिली गाठली ती मांडीवरच्या लेकराची बाई. अंगणात धान पाखडत होती. या वेळी नीट विचारलं, बाई, तुम्ही स्वतः काय खेळता? सूप थांबलं.

"आमाले खेळाले टाइम कुठी भेटते जी भाऊ? मागच्या खेपेले नाटकाचं विचारून राह्यले होते, ते बरं होतं."

मी रकाना कोरा ठेवला. पुढच्या घरी कोरा. त्याच्या पुढच्याही. कोऱ्या रकान्यांचा तो गठ्ठा सरांपुढे ठेवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, आता यात लिहिणार काय?

ते कोरे रकाने हेच उत्तर होतं, हे मला पुढे कधीतरी कळलं. तोवर मुदत संपली होती.