आषाढातली दिवाळी

इंदूमावशी गेली हे मला तारेनं कळलं नाही. मानवतच्या एस.टी. स्टँडवर पत्रकं वाटत होतो, तिथं तिच्या भाच्यानं गाठलं. "मावशी गेली रे... झोपेतच." जिच्या हाताखालून गावोगावच्या मरणाच्या बातम्या गेल्या, तिची अशी रस्त्यात मिळाली. ती तारघरात नोकरीला होती, आमच्याच गल्लीत राहायची. मेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं, हे मला जमत नाही.

नामांतराच्या दंगलीत वरून हुकूम आला : संशयाच्या तारा रोखा, आधी साहेबांना दाखवा. संशयाची कुठली, हे ठरवायचं काम मावशीकडे आलं. तिनं ते चोख केलं, हाच माझा राग. नुसता 'आग' शब्द धरला तर पाहुण्यांच्या 'आगमना'च्या ताराही अडकायच्या. म्हणून तिनं साचे बांधले. 'आग' किंवा 'हल्ला', मध्ये कितीही शब्द, पुढं 'वस्ती' किंवा 'घरं' आलं की रोखायचं, 'आगमन' सोडायचं. नव्या तारबाबूंकडून ती हे पाठ करून घ्यायची. चाळणी म्हणायची त्याला.

त्याच चाळणीत देवगाव फाट्याजवळच्या दलित वस्तीची तार अडकली. "हल्ल्याची तयारी, वस्तीवर माणसं पाठवा." अशा वस्त्यांच्या मदतीला धावणाऱ्या आमच्या समितीच्या हाती पडली तेव्हा घरांची राखसुद्धा गार झाली होती. मी तिच्या दारात जाऊन ओरडलो, "मावशी, तुमची चाळणी लय बारीक हाय!"

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "कशाला बोंबलायलास? भाकर करपंल." मग खाली बघतच म्हणाली, "शुभेच्छांच्या तारेत मजकूर नसतो. ठरलेल्या वाक्याचा नुसता आकडा जातो. चाळणी आकडे वाचत न्हाई."

"म्हंजे?"

"पत्रकं छापता नं तुमी? तेवढं बी कळंना व्हय? दिवाळी करा."

मग आषाढात दिवाळी सुरू झाली. घाबरलेल्या वस्तीतून दिवाळीच्या शुभेच्छा यायच्या. लिफाफ्यावर रंगीत दिवे दिसले, की हल्ल्याचा इशारा समजून आमच्या सायकली बाहेर. काही वस्त्या त्यानं वाचल्या. अवेळी आलेली दिवाळी रोखायचा साचा मावशीनं चुटकीसरशी बांधला असता. तिनं तो कधीच बांधला नाही. पण जुने साचेही मोडले नाहीत... देवगाव फाटा मी विसरलो नाही, तिलाही विसरू दिला नाही. ती एवढंच म्हणायची, "माझ्यामागं त्या खुर्चीत कोण बसंल, ते बघ."

हे उघड लिहितोय, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. गेल्या आठवड्यात, मावशी गेल्यावर, भर चैत्रात, एका वस्तीवरून दिवाळीच्या शुभेच्छा आल्या. सायकली मारत पोचलो. चुली गार, दारं सताड उघडी, हाकेला माणूस नाही. कुठं गेले, अजून कळलेलं नाही.

परत आल्यावर तो लिफाफा नीट बघितला. तार आमच्या हाती पडली त्याच्या आदल्या दिवशीची होती. तेच रंगीत दिवे... आणि कडेला, उघडून पुन्हा चिकटवल्याचा डिंक.