किडकी वांगी

वर्ध्याच्या भाजीबाजारात दर रविवारी एक चाळिशीतला माणूस दिसायचा. म्हाताऱ्या वडिलांना तो भाजीवालीजवळच्या स्टुलावर बसवायचा, त्यांच्या थरथरत्या हातात पिशवी द्यायचा आणि नेमकी किडकी वांगी निवडायचा.

"काऊन बे, भोक दिसत नाई तुले?" वडील खेकसायचे. तो हसून दुसरं किडकं वांगं उचलायचा.

भाजी निवडण्यातला असला गबाळेपणा मला खपत नाही. एकदा मीच त्याला चांगली वांगी काढून दिली. त्याने मला बाजूला घेतलं.

"राहू द्या भाऊ. कंपवात हाय बाबाले. हात हालते ते सगळ्याइले दिसते, पण मनच बसलं त्याइचं. गोळ्या दोन्हीच्या चालू हायेत, तरी घरी भिंतीकडे पाहत राह्यतात. इथं मले रागावले का, घरी दोन घास जेवतात."

पुढच्या रविवारी वडील गप्पच होते. त्याने एक किडकं वांगं पिशवीत टाकलं, मग दुसरं. वडिलांनी पाहिलंही नाही. त्याचा हात टोपलीवरच थांबला.

"काकाजी," मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "पोरगा अगदीच बिनकामाचा निघाला तुमचा. साधं वांगं निवडता येत नाही!"

म्हाताऱ्याची मान हळूहळू वर आली.

"तुले काय करा लागते बे? माहा पोरगा हाय!"

पोरगा पाठ फिरवून उगाच कोथिंबीर चाळू लागला. म्हाताऱ्याने मला आणखी दोन शिव्या हासडल्या. मी जागचा हललो नाही. दोन्ही पूर्ण ऐकून घेतल्या.