घोटीच्या वरातीतलं इंग्रजी गाणं

दादाच्या वरातीत मी बँडवाल्यांना इंग्रजी गाणं वाजवायला लावलं. चूक एवढीच. बाकी सगळं तिच्या पोटातून निघालं.

पुढच्याच आठवड्यात सीबीएस स्टँडवर मुंबईच्या एशियाड गाडीत बसलो, तेव्हा माझ्या डोक्याला टाके होते आणि पोचवायला आलेल्या वडिलांचा, आप्पांचा, हात गळ्यात बांधलेला. मी कामाला होतो त्या कारखान्यानं मला बर्मिंगहॅमला पाठवायचं आधीच ठरवलं होतं, पण आमच्या मखमलाबादच्या मळ्यांत बातमी फिरली की धाकटा पळाला. आईनं खिडकीतून दशम्या दिल्या. "तिकडं गाणी नुसती ऐक. कुणाला वाजवायला सांगू नको." दादा आला नाही.

गाणं एका इंग्रजी बँडचं होतं. ठेका पॉपचा, पण गाणारी बाई जिवाच्या आकांतानं गायची. त्याला 'सोल' म्हणतात हे मला पुढे कळलं. मेनरोडवर घेतलेली ती कॅसेट मी झेंडू तोडताना ऐकायचो. झेंडूनं कधी तक्रार केली नाही. वरातीआधी बँडमास्तरला ऐकवली तर तो म्हणाला, "वाजवतो, पण घोडी झोपली तर मला बोलायचं नाय."

नवरीच्या गावी, घोटीच्या बाजारपेठेत, मांडवाच्या तोंडाशी क्लॅरिनेटनं सूर धरला. मी डोळे मिटले, हात पसरले आणि त्या बाईसारखा अंगात आल्यागत नाचू लागलो. डोळे उघडले तेव्हा नवरीचे मामा नाक धरून उभे होते, पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा ओघळ, आणि त्यांचे पुतणे खुर्च्या उचलून आमच्यावर धावून येत होते. मामा गाणं थांबवायला आले असणार आणि आमच्यातल्या कुणीतरी त्यांना ठोसलं असणार, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पुढचा विचार करायच्या आत ट्रम्पेट डोक्यात बसला. बँडमास्तर ढोलाच्या काठीनं दोन्ही पक्षांना सारखाच न्याय देत होता. आप्पांचं मनगट मोडलं. घोडी उधळली, नवरदेव तोंडावर आपटला आणि त्याचा समोरचा दात घोटीच्या रस्त्यावर राहिला. लग्न मात्र लागलं. फोटोत दादा ओठ घट्ट मिटून उभा आहे. माझ्याशी बोलायला त्यानं ते पुन्हा उघडलेच नाहीत.

बर्मिंगहॅमला गेलो दोन वर्षांसाठी. शिफ्ट, ओव्हरटाइम, मग फ्लॅट, मग पासपोर्टही तिकडचा. पहिल्याच हिवाळ्यात बसस्टॉपवर दोघांनी मला खाली पाडून बरगड्यांत लाथा घातल्या आणि वॉकमन नेला. आत तीच कॅसेट होती. हॉस्पिटलात पडल्यापडल्या मला घोटी आठवली. तिथं मारणाऱ्यांची नावं माहीत होती, आणि मारून झाल्यावर ते आमच्याच पंगतीत येऊन मला बुंदी वाढत होते. इथं लाथ मारणारा निघून गेला की गेला.

घरी फोन लावायचो. दादानं उचलला की पलीकडं शांतता, मग रिसीव्हर टेबलावर आदळल्याचा आवाज, मग वहिनी. प्रत्येक वेळी मी सांगायचो, "वहिनी, सगळं त्या गाण्यानं केलं." मधे दोनदा घरी आलो. दोन्ही वेळा दादाला नेमकं वणीला देवीचं दर्शन आठवलं.

मग बऱ्याच वर्षांनी त्या बँडचा नवा अल्बम आला. जेवणाच्या सुट्टीत जाऊन सीडी आणली. मंडळी म्हातारी झाली होती. बाईचा आवाज खरखरीत झाला होता, पण आता ती ओरडत नव्हती, समोर बसून सांगितल्यासारखी गात होती. शेवटचं गाणं आमचंच, नव्यानं गायलेलं, संथ. मी बरगड्या धरून ऐकलं आणि दिवाळीचं तिकीट काढलं.

जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे गेलात, त्या तुम्हांला सांगतो: घर म्हणजे जिथं माणसं आपल्याला मारतात आणि मग जेवलास का विचारतात. माझ्या घरात हे विचारणारा एक माणूस कमी होता.

भाऊबीजेच्या दुपारी वहिनी आरत्या लावायची त्या प्लेअरवर मी ती सीडी लावली. दादा मळ्यातून आला आणि चपला न काढता दारातच थांबला. गाणं संपेपर्यंत हलला नाही. मी घाईघाईनं म्हणालो, "दादा, या गाण्यानंच—"

"भावजी, गप बसा ना जरा," वहिनी पुटपुटली.

दादानं खोटा दात जिभेनं चाचपला. "गाण्याला काय बोलतो रे? मामांचं नाक तुझ्या कोपरानं फुटलं. सगळ्या घोटीनं पाहिलं. तू कधी कबूल करतो, याची वाट पाहत होतो मी."

तो आत आला, माझ्या शेजारी बसला.

"जेवला का?" मी मान डोलावली. "मग लाव परत. गाणं लय भारी हाय. फक्त तू उठू नको."