हळद-मिठातल्या जिवंत पेशी

बाटलीतला द्राव पिवळा का, हे मला कळेना. सोबतच्या, सांगलीच्या एका डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र झोकात लिहिलं होतं : ‘जिवंत मूळपेशी. जंतू नाहीत एवढाच रिपोर्ट द्यावा. उद्या इंजेक्शन आहे.’ जंतूंच्या तपासणीला दोन-तीन दिवस लागतात, एवढंही या गृहस्थांना ठाऊक नव्हतं.

मिरजेत माझी पॅथॉलॉजीची लॅब होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात, त्या मूळपेशी. त्यांच्यावरचं संशोधन तेव्हा कुठे जोर धरत होतं. रक्ताच्या काही आजारांत त्यांचा खरोखर उपयोगही होत होता. पण या डॉक्टरमहाशयांना धीर कुठला? परदेशात पंधरा दिवसांचा कोर्स करून आले आणि थेट मोडलेले मणके दुरुस्त करायला बसले.

बाटली घेऊन पाटणकडचे बाबूराव आले होते. त्यांचा मुलगा फौजेत होता. गाडी दरीत गेली आणि त्याचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. इंजेक्शन त्याच्या पाठीच्या कण्यात द्यायचं होतं.

“आवं बाई, तेवढा रिपोर्ट लवकर द्या,” ते म्हणाले. “दिवाळीला पोरगं चालत देवळात जाईल म्हणालं सायेब.”

“या पेशी आणल्या कुठून?”

“घरच्याच हायत की. लेक बाळंत झाली. बहिणीच्या बाळाची वार आणा म्हणालं. लेकीनं भावासाठी दिली बघा, पुरायची सोडून.”

बाळामागून पडते ती वार. आमच्या भागात ती परसात पुरतात. मला एकदम शंका आली.

“सांगलीला नेली कशात?”

“गाडग्यात. सुईणीनं रीतीपरमाणं हळद-मीठ भरून दिलं हुतं. दोन दीस घरात ठिवली, मग यष्टीनं न्हेली. सायबानं तिच्यातनंच ह्ये बाटलीतलं काढलं.”

मी एक थेंब काचेवर घेऊन त्यात निळा रंग टाकला. जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही, मेलेली घेते. मायक्रोस्कोपखाली सगळा निळा कचरा आणि मध्ये हळदीचे कण. जिवंत पेशी एकही नाही. माझं डोकं फिरलं. मी सांगलीला फोन लावला.

“मॅडम, तुम्हाला जंतूंचं विचारलंय, पेशींचं नाही,” डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिलंत?”

“एवढा वेळ कुठे असतो? आणि हळद अँटिसेप्टिकच असते ना?”

“लोणच्यात जिवंत काय राहतं हो, डॉक्टर? हे कण्यात गेलं तर तो मुलगा मरेल. तसं मी लिहून देतेय.”

“पेशंटला आशा लागते, मॅडम.”

“मग आशा द्या. सुई कशाला?”

त्यांनी फोन ठेवला.

मी बाबूरावांना समोर बसवून सगळं सांगितलं. यातलं सगळं मेलंय, हे टोचलं तर पोराच्या जिवावर बेतेल, आणि त्याला चालवणारं औषध आज कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही.

“म्हंजी पोरगं बसूनच ऱ्हानार,” ते म्हणाले.

“हो.”

वचन देणारा सांगलीत एसी लावून बसला होता आणि ‘हो’ म्हणायची पाळी माझ्यावर आली होती. त्याचा राग मला आजही येतो.

इंजेक्शन झालं नाही. मुलगा जगला, खुर्चीतच राहिला. काही महिन्यांनी त्या दवाखान्यावर केस उगवण्याच्या इंजेक्शनची पाटी लागली. टकलाला निदान जिवाची भीती नाही.

त्या दिवशी उठताना बाबूरावांनी बाटली परत मागितली.

“आता काय करणार तिचं?”

“नातवाचं हाय ते. पुराया पायजे.” दारापर्यंत जाऊन ते मागे फिरले. “बाई, त्ये काचंवर घेतल्यालं बी द्या.”

मी काच कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. पेशी कुणाच्या तरी असतात, हे त्या पंधरा दिवसांच्या कोर्समध्ये शिकवत नसावेत.